लेकुरवाळ्या गर्भाशयाचं माप

‘युटेरस बल्की, ९.२ × ५.३ × ४.६ सेंमी.’ सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली ही एक ओळ. युटेरस म्हणजे गर्भाशय, बल्की म्हणजे मापाने मोठं. रिपोर्ट घरी येतो, कुणीतरी ‘बल्की’चा अर्थ सांगतं आणि संध्याकाळपर्यंत घरभर झालेलं असतं की हिच्या पिशवीला सूज आली आहे. समजा ही बाई ३८ वर्षांची आहे, तिची दोन बाळंतपणं झाली आहेत, पाळी नियमित आहे आणि ती सोनोग्राफीला गेली होती पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला. मग या आकड्यांत आजार काहीच नाही. दोनदा गर्भ वाढवलेल्या गर्भाशयाचं हे नेहमीचं माप आहे. हेच आकडे एकदाही दिवस न राहिलेल्या २४ वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये आले, तर मात्र ते का आले याचा शोध घ्यावा लागतो.

गर्भाशयाला सगळ्यांसाठी एकच ‘नॉर्मल’ माप नसतं. वय काय, पाळी चालू आहे की गेली, आणि किती बाळंतपणं झाली, हे कळल्याशिवाय त्या तीन आकड्यांना अर्थच येत नाही.

मूल न झालेल्या प्रौढ स्त्रीचं गर्भाशय साधारण ६ ते ८ सेंमी लांब, ४ ते ५ सेंमी रुंद आणि पुढून मागे ३ ते ४ सेंमी जाड असतं. वजन ५० ते ७० ग्रॅम. बाळंतपण झालं की तिन्ही मापांत साधारण एकेका सेंटिमीटरची भर पडते आणि ती टिकते. दोन किंवा जास्त मुलं झालेल्या बाईत ८ ते १० सेंमी लांबी, ५ ते ६ सेंमी रुंदी आणि ४ ते ५ सेंमी जाडी सहज आढळते, वजन ८० ते १०० ग्रॅम किंवा त्याहून थोडं जास्त भरतं. या सरासरीच्या आसपासच्या रेघा आहेत. साडेनऊ म्हणजे ठीक आणि दहा म्हणजे आजार, अशी कुंपणं त्यांना नाहीत.

एक सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो तिन्ही बाजूंनी वाढतो. गर्भाशयाचं आकारमान काढताना लांबी, रुंदी आणि जाडीचा गुणाकार करून त्याला ०.५२३ ने गुणतात. ७ × ४ × ३ सेंमीचं गर्भाशय या हिशेबाने सुमारे ४४ मिलिलिटर भरतं. वरच्या रिपोर्टमधलं ९.२ × ५.३ × ४.६ सेंमीचं भरतं ११७ मिलिलिटर, म्हणजे अडीच पटींहून जास्त. दोन्ही निरोगी. काही रिपोर्टमध्ये नुसतं आकारमान छापलेलं असतं. ते आधीच्या रिपोर्टशी ताडून बघताना हा गुणाकार ध्यानात ठेवावा, कारण प्रत्येक मापातला तीन-चार मिलिमीटरचा फरकही शेवटच्या आकड्यात बराच मोठा होऊन दिसतो.

ही भर येते कुठून, हे कळायला गर्भारपणात त्या भिंतीचं काय होतं ते बघावं लागतं. गर्भाशय म्हणजे मुख्यतः स्नायू. पन्नास-साठ ग्रॅमचं हे इंद्रिय नऊ महिन्यांत साधारण १ ते १.१ किलोचं होतं. आतली पोकळी आधी जेमतेम १० मिलिलिटरची असते, तिच्यात शेवटी बाळ, वार आणि गर्भजल मिळून सुमारे ५ लिटर मावतात. एवढी वाढ मुख्यतः नव्या पेशी तयार होऊन होत नाही. असलेली प्रत्येक स्नायूपेशी लांब आणि जाड होत जाते, लांबीला जवळजवळ दहा पट. पेशींच्या मधे तंतुमय आणि लवचिक धागे वाढतात, रक्तवाहिन्या रुंद होतात. सुरुवातीचे महिने हे काम इस्ट्रोजेनसारखी संप्रेरकं करतात. पुढे वाढत्या गर्भाचा ताण भिंतीला ताणत नेतो.

बाळंतपण झालं की उलटा प्रवास सुरू होतो आणि त्याचा वेग थक्क करणारा आहे. वार पडल्यावर गर्भाशयाचा माथा बेंबीच्या आसपास हाताला लागतो आणि वजन असतं सुमारे १ किलो. मग माथा रोज साधारण एकेक बोट खाली सरकतो. आठवड्याने वजन ५०० ग्रॅमच्या घरात येतं. दोन आठवड्यांत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडामागे उतरतं आणि वरून हाताला लागेनासं होतं. चार ते सहा आठवड्यांत ते जवळपास पूर्वीच्या मापावर येतं. पेशी मरून जात नाहीत, त्यांच्यातली प्रथिनं विरघळून त्या आकसतात. बाळ पाजताना ओटीपोटात कळ येते ती याच कामाची: दूध उतरवणारं ऑक्सिटोसिन गर्भाशयालाही आवळतं. पहिलटकरणीपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ही कळ जास्त जाणवते, कारण पहिलटकरणीचं गर्भाशय सलग आवळलेलं राहतं आणि पुढच्या खेपांना ते सैल-घट्ट होत राहतं. पोट बांधल्याने कंबरेला आणि पोटाच्या स्नायूंना आधार मिळतो, पण गर्भाशय त्याने लवकर आवळत नाही.

‘जवळपास पूर्वीच्या मापावर’ यातला ‘जवळपास’ हा शब्द महत्त्वाचा. परतीचा प्रवास पूर्ण होत नाही. भिंतीतले काही तंतुमय धागे आणि रक्तवाहिन्यांभोवती साठलेलं इलास्टिन (लवचिक धाग्यांमधलं प्रथिन) तिथेच राहतं, स्नायूही थोडा जास्तच उरतो. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्यांभोवतीचा तो साठा दिसतो. सोनोग्राफीवर तो एक सेंटिमीटर म्हणून मोजला जातो. गर्भाशयाच्या तोंडावरही खूण उरते. मूल न झालेल्या बाईत ते बारीक गोल छिद्र असतं, योनिमार्गे बाळंतपण झाल्यावर ती आडवी फट होते. आणि प्रमाण बदलतं: लहान मुलीत गर्भाशयाचं मुख वरच्या भागापेक्षा मोठं असतं, वयात येताना दोन्ही सारखे होतात, प्रौढपणी वरचा भाग मुखाच्या दुप्पट होतो, आणि दोन-तीन मुलं झालेल्या बाईत तिपटीच्या जवळ जातो. म्हणजे वाढ सगळीकडे सारखी होत नाही, ती मुख्यतः जिथे बाळ वाढलं त्या भागात होते.

प्रत्येक मुलामागे एकेक सेंटिमीटर, अशी शिडी मात्र मांडू नये. तसं असतं तर सहा मुलं झालेल्या आजीचं गर्भाशय १३ सेंटिमीटरचं भरलं असतं, आणि तसं होत नाही. पहिल्या एक-दोन खेपांत ठळक फरक पडतो, पुढे भर कमी होत जाते. सिझेरियन झालं म्हणून माप लहान राहत नाही, कारण गर्भाशय वाढतं ते गर्भारपणात. बाळ कुठून बाहेर आलं याच्याशी त्या वाढीचा संबंध नाही. जुळं झालं तरी ते एकच बाळंतपण धरतात. पहिल्या दोन-अडीच महिन्यांत गर्भ पडला असेल, तर भिंत फारशी ताणलेलीच नसते, त्यामुळे अशा गर्भपातांचा मापावरचा ठसा पुसट असतो. याच कारणाने डॉक्टर ‘किती वेळा दिवस राहिले’ आणि ‘किती बाळंतपणं झाली’ हे दोन प्रश्न वेगळे विचारतात. शिवाय वयाचाही थोडा वाटा आहे: मूल झालेलं असो वा नसो, विशीपेक्षा चाळिशीत गर्भाशय जरा मोठंच असतं.

आता मोजमापाकडे येऊ. दोन रिपोर्टमधला बराचसा फरक इथेच जन्मतो.

मोजणी दोन चित्रांवर होते. उभ्या छेदात गर्भाशयाच्या माथ्याच्या बाहेरच्या कडेपासून मुखाच्या बाहेरच्या टोकापर्यंत लांबी घेतात, आणि त्याच चित्रात लांबीच्या रेषेला काटकोनात, भिंत सर्वांत फुगीर असेल तिथे जाडी. मग प्रोब (सोनोग्राफीचं अंगावर टेकवायचं साधन) ९० अंशांत फिरवून आडव्या छेदात रुंदी. उभा छेद बरोबर मधोमध आला आहे याची खूण म्हणजे आतल्या अस्तराची पांढरी रेघ माथ्यापासून मुखाच्या नळीपर्यंत सलग दिसणं. छेद तिरका गेला की रेघ तुटते आणि लांबी कमी भरते. आडवा छेद तिरका गेला आणि जाडी त्यावरच मोजली तर उलट होतं: जाडीत लांबीचा काही भाग मिसळतो आणि गर्भाशय आहे त्याहून ‘बल्की’ दिसतं.

गर्भाशय सरळ नळीसारखं नसतं, मुखाजवळ वाकलेलं असतं. बाक जास्त असेल तर एका सरळ रेघेत घेतलेली लांबी कमी येते. अशा वेळी माथा ते बाक आणि बाक ते मुखाचं टोक असे दोन तुकडे मोजून बेरीज करावी लागते. काही ठिकाणी मुख सोडून फक्त वरच्या भागाची लांबी लिहितात. मुख एकटंच साधारण ३ सेंटिमीटरचं असतं. मग एका केंद्रात ६ सेंमी आणि महिन्याने दुसऱ्या केंद्रात ९ सेंमी असं आलं, की बाई घाबरते. वाढलेलं काहीच नसतं.

लघवीची पिशवी किती भरली आहे यानेही आकडे हलतात. पोटावरून सोनोग्राफी करताना पाणी पिऊन यायला सांगतात, कारण भरलेली पिशवी आतडी बाजूला सारते आणि ध्वनिलहरींना वाट देते. पण ती तट्ट फुगली तर गर्भाशय दाबून चपटं आणि लांबट होतं. आतून, म्हणजे योनिमार्गे, केलेल्या तपासणीत ही पिशवी रिकामी लागते आणि प्रोब जवळ असल्यामुळे चित्र जास्त स्पष्ट येतं. मागे झुकलेल्या गर्भाशयाला तर पोटावरून न्याय मिळतच नाही. माथा प्रोबपासून दूर आणि काळसर दिसतो, गोल भासतो, आणि त्याला गाठ किंवा वाढ समजण्याची चूक होते. तिथे आतून एकदा बघितलं की बऱ्याचदा प्रश्न मिटतो.

एवढं सगळं धरून सांगायचं तर दोन तपासण्यांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक म्हणजे बदल नव्हे. आणि तीन आकडे कोणत्या क्रमाने लिहिलेत तेही केंद्रागणिक बदलतं. कुठे लांबी-रुंदी-जाडी, कुठे लांबी-जाडी-रुंदी. पाळीच्या आधीच्या दिवसांत गर्भाशय किंचित मोठं असतं, हेही ध्यानात असू द्यावं. आतल्या अस्तराची जाडी, म्हणजे रिपोर्टमधला ‘ईटी’, ही निराळी गोष्ट आहे. ती पाळीच्या दिवसाप्रमाणे पाळी सरताच काही मिलिमीटरपासून पुढच्या पाळीआधी १५-१६ मिलिमीटरपर्यंत जाते. बाळंतपणांच्या संख्येशी तिचा संबंध नाही.

मोठं दिसणारं प्रत्येक गर्भाशय बाळंतपणामुळेच मोठं असतं असंही नाही, आणि इथे डोळे उघडे ठेवावे लागतात. लेकुरवाळं गर्भाशय मोठं असलं तरी त्याचा घाट शाबूत असतो: उलट्या धरलेल्या नासपतीसारखा, पुढची आणि मागची भिंत जवळपास सारख्या जाडीची, स्नायूचा पोत एकसारखा राखाडी. अ‍ॅडिनोमायोसिसमध्ये आतलं अस्तर स्नायूत शिरतं. तेव्हा गर्भाशय गोलाकार होतं, एक भिंत दुसरीपेक्षा जाड होते, स्नायूत बारीक काळे ठिपके दिसतात, पंख्याच्या काड्यांसारख्या सावल्या पडतात, आणि अस्तर व स्नायू यांमधली सीमा धूसर होते. हा विकार मुलं झालेल्या बायकांत जास्त आढळतो, म्हणून ‘दोन मुलं आहेत, मोठं असणारच’ एवढं म्हणून थांबता येत नाही. फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणाऱ्या साध्या गाठींचं उलट आहे: मुलं झालेल्या बायकांत त्या तुलनेने कमी असतात. गाठ असली की तिची जागा आणि तिचं स्वतंत्र माप लिहायला हवं. बाहेरच्या बाजूला लोंबणारी गाठ लांबीत धरली, तर गर्भाशय उगाच १२ सेंटिमीटरचं होतं.

सिझेरियन झालेल्या बाईत पुढच्या भिंतीवर, मुखाच्या जरा वर, जुन्या टाक्यांच्या जागी काळी त्रिकोणी खाच दिसू शकते. पाळी संपल्यावरही दोन-चार दिवस तपकिरी डाग लागत असतील तर कारण तिथे असू शकतं. त्याशिवाय ती एक जुनी खूण आहे. अलीकडेच बाळंतपण किंवा गर्भपात झाला असेल तर माप आणखी मोठं येणारच. पण सहा आठवड्यांनंतरही रक्तस्राव थांबत नसेल, किंवा मधेच ताप आणि दुर्गंधी आली, तर वारेचा तुकडा राहिला आहे का किंवा जंतुसंसर्ग आहे का हे लगेच बघावं लागतं. दीर्घकाळ अंगावर पाजणाऱ्या आणि पाळी सुरू न झालेल्या बाईत गर्भाशय तात्पुरतं अपेक्षेपेक्षा लहानही होतं. आणि नवं गर्भारपण ही शक्यता तर सर्वांत आधी तपासायची.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन ओसरतं आणि गर्भाशय आकसू लागतं. पहिल्या काही वर्षांत ६ ते ७ सेंमी, पुढे ५ किंवा त्याहून कमी. मुलं झालेल्या बाईचं गर्भाशय याही वयात थोडं मोठं राहतं, पण अंतर कमी होत जातं. त्यामुळे पाळी जाऊन १२ वर्षं झालेल्या बाईत साडेनऊ सेंटिमीटर आले, तर ‘चार मुलं आहेत ना’ हे उत्तर पुरेसं नाही. या वयात एकदाही रक्त दिसलं तर मापाची वाट न बघता तपासणी करायची. अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्याचा तुकडा तपासायला घेतात.

उलट बाजूची भीतीही तितकीच जाच करते. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही, आणि रिपोर्टमध्ये ६.२ सेंमी. ‘पिशवी लहान आहे, म्हणून राहत नाही’ असं तिला सांगितलं जातं आणि मग ते वर्षानुवर्षं तिच्या डोक्यात राहतं. पाळी नियमित असेल आणि वरचा भाग मुखापेक्षा ठळकपणे मोठा असेल, तर मूल न झालेल्या बाईचं हे सरळ नॉर्मल माप आहे. गर्भाशय खरंच लहान असल्याची शंका घ्यायची ती पाळीच आलेली नसेल किंवा वरचा भाग आणि मुख अजून सारख्याच लांबीचे असतील तेव्हा. दोन मुलांच्या आईच्या मापाशी तिचं माप ताडणं चूक आहे, कारण तो मोठेपणा बाळंतपणाने येतो, बाळंतपणाच्या आधी नसतो.

हे सगळं तपशिलात लिहायचं कारण ‘सूज’ हा शब्द. बल्की म्हणजे ठरावीक मापापेक्षा मोठं, एवढंच. त्यात दाह, पू, जंतू यातलं काही नाही. पण ‘सूज’ म्हटलं की ‘उद्या कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ हे पुढचं वाक्य सोपं होतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यामागे मजुरी बुडण्याची भीती, फडावर शौचालय आणि पाणी नसणं, लहान वयात झालेली बाळंतपणं अशी अनेक कारणं होती. बाळंतपणं लवकर झालेली असल्यामुळे तिशीच्या आत यातल्या अनेकींची गर्भाशयं ‘बल्की’ भरणार हे उघड आहे, आणि नुसत्या त्या शब्दावर शस्त्रक्रिया ठरू नये. गर्भाशय काढल्यावर अंडाशयं ठेवली तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. अंडाशयंही काढली तर लगेच येते, आणि त्याबरोबर हाडं ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो.

मग बल्की लिहून आल्यावर बघायचं काय? अंगावरून जाण्याचं प्रमाण: सात दिवसांहून जास्त, गाठी पडणं, दर एक-दोन तासांना पॅड बदलावं लागणं. हिमोग्लोबिन. पाळीत पूर्वी नव्हती अशी वेदना. लघवीला वारंवार जावं लागणं. दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त दिसणं. यातलं काही असेल तर माप नॉर्मल असलं तरी कारण शोधावं लागतं, आणि जास्त रक्तस्रावावरचा उपचार सहसा तो कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडसारख्या गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचं, लिव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारं साधन इथून सुरू होतो. यातलं काहीच नसेल, पोत एकसारखा असेल आणि बाळंतपणं झालेली असतील, तर त्या शब्दावर औषधसुद्धा लागत नाही.

सोनोग्राफीला जाताना शेवटच्या पाळीची तारीख, बाळंतपणं किती आणि त्यात सिझेरियन किती, गर्भपात किती आणि कितव्या महिन्यात, शेवटचं बाळंतपण कधी, बाळ अंगावर पितं का, कॉपर-टी किंवा गोळ्या चालू आहेत का, एवढं एका चिठ्ठीवर लिहून न्यावं. पोटाच्या दुसऱ्याच तक्रारीसाठी गेलेल्या बाईला हे प्रश्न विचारले जातातच असं नाही, आणि न विचारता लिहिलेलं ‘बल्की’ हे बऱ्याचदा मूल न झालेल्या बाईच्या मापाशी केलेली तुलना असते. जुने रिपोर्ट सोबत ठेवावेत. पाच वर्षांपूर्वी ९.० आणि आज ९.२ सेंमी असेल, तर ते गर्भाशय आहे तिथेच आहे. वर्षभरापूर्वी ८.५ आणि आज ११ असेल, तर त्याच डॉक्टरांकडून, शक्यतो आतून, पुन्हा मोजून घ्यावं आणि भिंती, पोत व गाठींबद्दल रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते समजून घ्यावं.